वाड्यातली एमजी घ्यावी की हिंगणघाटची हेराल्ड?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आर्वीकडच्या एका खेड्यात मालगुजाराच्या पडक्या वाड्यात १९५१ची एमजी टीडी, म्हणजे विलायतेतली दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, उभी आहे. छत फाटलेलं, समोरची काच फ्रेमसकट गायब, इंजिन जाम. मालक किंमत सांगत नाही, ‘पाहून बोला’ म्हणतो. दुसरी गाडी हिंगणघाटला आहे, १९६६ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. सात वर्षांपूर्वीपर्यंत ती चालत होती आणि कागद घरात आहेत. तुमच्याजवळ सगळं मिळून ६ लाख आहेत, आयटीआय झालेलं आहे, वावरात टिनाचं शेड आहे, आणि जीव एमजीवर जडला आहे. कोणती घ्यावी, आणि गावात राहून ती उभी होईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

हेराल्ड घ्या. गावात राहून ती नक्की उभी होते. एमजीला मी साफ नाही म्हणत नाही, पण ६ लाखांत ती घ्यायची तर काही गोष्टी आधी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. त्या पुढे सांगतो.

तुमचं अर्धं पत्र इंजिनच्या काळजीचं आहे. त्याची एवढी धास्ती घेऊ नका. मी वर्ध्याला ॲम्बॅसेडर टॅक्स्यांखाली झोपून हे काम शिकलो, त्याला आता ३२ वर्षं झाली. त्या जुन्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे विलायतेतल्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज इंजिन. १९५५ला आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त त्यावर दोन एसयू कार्बोरेटर होते. पुढे तेच वाढवून १७९८ सीसीचं केलं आणि एमजीबीत बसवलं. ट्रायम्फचंही तसंच. टीआर-२ पासून टीआर-४ पर्यंतच्या गाड्यांत जे वेट लायनरचं (म्हणजे भोवती पाणी फिरणाऱ्या, बदलता येणाऱ्या सिलिंडर-लायनरचं) इंजिन होतं, त्याच घराण्यातलं इंजिन फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये होतं, कारण दोन्ही स्टँडर्ड मोटर कंपनीच बनवत होती. तेव्हा तुमच्या तालुक्याच्या गावी जो म्हातारा मिस्त्री ॲम्बॅसेडरचे व्हॉल्व्ह बसवायचा किंवा ट्रॅक्टरचे लायनर बदलायचा, त्याच्या हाताला या इंजिनांची सवय आहे. त्याला शोधा. तो हयात आहे तोवर त्याच्याजवळ बसा. माझ्या ओळखीचे असे हात दरवर्षी कमी होत चालले आहेत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

हेराल्डचं ९४८ सीसीचं इंजिन तर याहून साधं आहे. टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मात्र वेगळ्या घरातलं. त्यात एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर आटे खराब होतात: त्याच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या विलायती मापाची. म्हणजे बाजारातला मेट्रिक पाना डोक्याला बसत नाही, आणि व्हिटवर्थ डोकं पाहून कोणी व्हिटवर्थ आट्याचा बोल्ट ठोकला की ब्लॉक गेला. व्हिटवर्थचे पाने नवे घेऊ नका. आपल्याकडे जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये विलायती मशिनी होत्या. त्या भंगारात निघाल्या तेव्हा पानेही निघाले. माझा अर्धा संच हिंगणघाटच्या आणि पुलगावच्या कबाड्यांकडून वजनावर घेतलेला आहे. हेराल्डला ते लागत नाहीत. तिला इंची एएफ पाने (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या मापाचे) चालतात, जुन्या जीपवाल्या मिस्त्र्याकडे असतातच.

बजेट बुडतं ते दोन ठिकाणी, सडलेल्या बॉडीत आणि हरवलेल्या बारीकसारीक सामानात. सहा लाखांतले दोनाच्या वर गाडीच्या खरेदीत घालू नका, मग ती कोणतीही असो. उरलेले चार पुरतील की नाही हे गाडी पुरी आहे की नाही यावर ठरतं. वाड्यातल्या टीडीची काच आणि फ्रेम गायब आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. काच नाही म्हणजे आणखी काय काय नाही? डॅशबोर्डवरची घड्याळं आहेत का? दोन्ही एसयू कार्बोरेटर, हेडलाइटच्या वाट्या, रेडिएटरचं बाहेरचं कवच, छताच्या लोखंडी कमानी, बॉनेटचे बाजूचे पत्रे? टीडीच्या जवळपास ३० हजार गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, म्हणून तिचं जवळजवळ प्रत्येक सामान आजही विलायतेत आणि अमेरिकेत नवं मिळतं. पण ते पाउंडात आणि डॉलरात मिळतं. त्यावर विमानाचं भाडं, त्यावर कस्टम ड्यूटी. दहा-बारा हरवलेल्या वस्तू अशा मागवल्या की तुमचे चार लाख इंजिनला हात लागण्याआधीच संपतील. म्हणून वाड्यात पुन्हा जा आणि मालकाला गाडीचं विचारू नका, माळ्याचं विचारा. जुन्या घरात काढलेलं सामान फेकत नाहीत. माझ्या हाताखालून गेलेल्या एका गाडीची काच धान्याच्या कोठीमागे गोणपाटात गुंडाळलेली निघाली होती.

टीडीत लाकूडही आहे. चेसिस लोखंडी, पण बॉडीचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला. आपल्याकडे त्या लाकडाला उधई लागते, आणि बाहेरून पत्रा शाबूत दिसत असताना आत नुसता भुसा असतो. टोच्या घेऊन जा. दाराच्या बिजागरीचे खांब, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकावरची कमान या तीन ठिकाणी टोचून पाहा. दार उघडून हलकं वर उचला. खांबासकट हललं तर सांगाडा गेला असं समजा. गेला तरी मार्ग आहे. ॲश आपल्याकडे मिळत नाही, पण सागवान मिळतं, आणि आलापल्लीच्या सागाचं नाव मी तुम्हाला सांगायला नको. मी दोन सांगाडे सागात केले आहेत. साग ॲशइतका लवचिक नाही, त्यामुळे वाकवायच्या जागी दोन तुकडे जोडून कोरावे लागतात, आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडावंच लागतं, नाहीतर तडकतो. चांगला सुतार पाहिजे. बंडी बनवणारा जुना वाढई मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण गोल कमान लाकडात कशी धरायची हे त्याला माहीत असतं.

हेराल्डची बॉडी नट-बोल्टवर जोडलेली आहे. तिचं छतसुद्धा बोल्ट काढून उतरतं, आणि बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, की समोरच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. खाली वेगळी चेसिस आहे. १९५९ला विलायतेत आलेली ही गाडी १९६१पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. १९६२ची ट्रायम्फ स्पिटफायर, जी खरीखुरी दोन सीटची स्पोर्ट्स कार, ती याच हेराल्डची चेसिस आखूड करून बनवली. म्हणून हेराल्ड घेतली तर मनासारखं झालं नाही असं वाटून घेऊ नका. स्टिअरिंगचा हलकेपणा, एवढ्याशा जागेत वळणं, जमिनीला चिकटून बसण्याची ढब, सगळं त्याच रक्ताचं आहे. आर्वीच्या रस्त्यावर सकाळी सहाला एकदा चालवून पाहा.

तिची चेसिस मात्र नीट तपासा. मधल्या कण्यातून बाजूला निघालेले हात असतात, त्यांवर बॉडी टेकते. ते खालून सडतात. इथे आपल्या भागाचा फायदा आहे. कोकणातली गाडी मी फुकटही घेत नाही, आपल्याकडची कोरड्या हवेची गाडी पत्र्याने खूप बरी असते. अपवाद खारपाणपट्ट्याचा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याकडची पूर्णाकाठची गावं. तिथल्या खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरा अपवाद, गाडी कोठ्यात ढोरांजवळ उभी असणं. गोमूत्राने मडगार्डाच्या खालच्या कडा चाळणी होतात. तिसरा, शेडमध्ये खताची पोती. युरिया पाणी धरतो आणि त्याला टेकलेला पत्रा दोन पावसाळ्यांत खातो. तुमच्या शेडमध्ये पोती असतील तर गाडी आणायच्या आधी ती हलवा.

आता ट्रनियन. हेराल्ड घ्यायची म्हटल्यावर बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. पुढच्या चाकाचा उभा लोखंडी दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो, म्हणजे स्टिअरिंग वळवलं की तो त्या आट्यांत वळतो. तिथे घट्ट गिअर ऑइल लागतं, ईपी-९०. ग्रीस नाही. ग्रीस वरच्या आट्यापर्यंत पोचत नाही, वाळतं, मग पाणी शिरतं, लोखंड गंजतं आणि दांडा आट्यांपाशी तडकतो. ॲम्बॅसेडरला आम्ही ग्रीसगन लावायचो, म्हणून मी एका गिऱ्हाइकाच्या हेराल्डलाही दोन वर्षं ग्रीसच भरत राहिलो. पुलगावजवळ एका वळणावर डाव्या बाजूचा दांडा तुटला आणि चाक आडवं पडलं. वेग कमी होता, कोणाला लागलं नाही. पण गाडीत त्यांची लहान मुलगी होती, आणि ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून कोणतीही हेराल्ड आली की दोन्ही बाजू खोलायच्या, दांडा डिझेलने धुवायचा, आट्यांवर भिंग धरून तडा शोधायचा, शंका आली तर बदलायचा, आणि ग्रीसगनमध्ये ईपी-९० भरून कडेने तेल बाहेर येईस्तोवर दाबायचं. डावी-उजवी अदलाबदल करू नका, दोन्हीचे आटे उलट आहेत.

ब्रेकलाही तसंच. तिथे पैसे वाचवायचे नाहीत. सात वर्षं उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल पाणी पिऊन बसलेलं असतं आणि व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतात. नुसती रबर किट बदलली तर महिन्याभरात गळते. सिलिंडर खराद्याकडून बोअर करून स्टीलचा किंवा पितळेचा स्लीव्ह बसवून घ्या. नागपूरला हिंगण्याकडे असं काम करणारे सापडतात. ब्रेकमध्ये चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, सगळी रबरं फुगतात. आणि ब्रेक नसलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. गावात सगळे हाच सल्ला देतील. सपाट ट्रक किंवा टोइंगची गाडी करा.

कागदपत्रांचं बोलू, कारण टीडी तुम्हाला मिळेल की नाही हे त्यावर ठरेल. आरसीवरचे मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने गाडी होते, मग फॉर्म २९ आणि ३०ने तुमच्या नावावर. वाड्याचे तीन-चार वारस असतील आणि एकजण पुण्यात, एकजण परदेशात असेल, तर सगळ्यांची लेखी संमती हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६. त्याआधी जुना नंबर घेऊन आरटीओत स्वतः जा आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये गाडी सापडते का ते विचारा. सापडली नाही तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. चेसिस आणि इंजिनवर कोरलेले नंबर आरसीशी जुळवा. टीडीच्या इंजिनवर पितळेची अष्टकोनी पट्टी असते, ती असली तर गाडीला हात लावणाऱ्यांनी जीव लावला होता असं मी समजतो.

२०२१पासून केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार फी, १० वर्षांची मुदत, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला चालवता येत नाही. तुमच्या दोन्ही गाड्या वयात बसतात. अट एवढीच की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. म्हणूनच ‘मारुतीचं इंजिन टाकून देतो, कटकट संपेल’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. अशा बऱ्याच हेराल्ड मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं मूळ इंजिन परत शोधताना मालक रडकुंडीला आलेले पाहिले आहेत.

जाम इंजिनवर हातोडी, पहार, धक्का असं काही नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल-अर्धं इंजिन ऑइल असं थोडं थोडं घाला आणि आठवडाभर विसरा. मग क्रँक पुलीच्या नटला लांब पाना लावून पुढे-मागे हलकं हलवा, नुसतं पुढे नाही. हललं तरी लगेच चालू करायची घाई नको. कुंभारमाशीने सायलेन्सरमध्ये आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी मातीची घरं केलेली असतात, आणि उंदरांनी पऱ्हाटीच्या काड्या, कापूस भरलेला असतो. ते सगळं काढा. पेट्रोलची टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्या. घरी तिला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत लावू नका, रिकाम्या टाकीतल्या वाफेने माणसं मेली आहेत.

पेट्रोलचंही आता ध्यान ठेवावं लागतं. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुने रबरी पाइप, कॉर्कचे वायसर, पंपाचा पडदा त्याने नरम पडून फुटतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. पाइप व्हिटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका. महिनाभर गाडी लागणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. आणि हेड उतरवलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक पोलादाच्या बसवून घ्या. या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर चालायच्या, आणि ते २००० सालापासून आपल्याकडे मिळत नाही.

उन्हाळ्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मे महिन्यात ४५ अंशात विचाराल. ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूची पत्र्याची गोल झाकणं) काढून आतला गाळ तारेने खरवडा. तो तसाच ठेवून नवा रेडिएटर टाकला तरी गाडी तापते. बोअरचं पाणी घालू नका, क्षाराचा थर बसतो. पिण्याच्या आरओचं पाणी आणि कूलंट घाला. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून दूर न्या. टायमिंग मागे पडलेलं असलं तरी इंजिन तापतं, हे बरेच मिस्त्री तपासतच नाहीत.

वायरिंग पुरं नवं करा, उंदरांनी काय काय कुरतडलं ते शोधत बसू नका. पण रंग लुकासचेच ठेवा: बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी, हेडलाइटची निळी, साइड लाइटची लाल, अर्थिंगची काळी. दहा वर्षांनी जो कोणी ती गाडी खोलेल त्याला नकाशा लागणार नाही. बॅटरी जोडण्याआधी पाहून घ्या, टीडीला धन टोक चेसिसला असतं. बाजारातल्या वायरमनने सवयीने उलटं जोडलं की काम वाढतं.

गाडी आणल्यावर एका झटक्यात सगळी खोलू नका. माझी स्वतःची पहिली गाडी मी मे महिन्यात आठ दिवसांत पूर्ण उघडली, सामान पोत्यांत भरलं, आणि जून लागला. पेरणीत माणूस मिळेना, पोती ओली झाली, कुठला नट कुठला ते कळेना. चार वर्षं गेली. तुम्ही शेतकरी आहात, तुमच्या हातात वेळ आणि पैसा हंगामाप्रमाणे येणार. पावसाळ्यात शेडमध्ये ब्रेक, पुढचं सस्पेन्शन, इंजिन. एक काम संपवून ते जागेवर बसवल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. कापूस विकला की पत्रा आणि लाकूड. रंग सगळ्यात शेवटी, थंडीत, आणि जिनिंगपासून दूर. डिसेंबरात जिनिंगजवळच्या शेडमध्ये मारलेल्या रंगावर कापसाचे तंतू बसतात ते पॉलिशने निघत नाहीत. डेंटरला सांगून ठेवा की लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, कमीत कमी. खरेदीच्या वेळीही चुंबक सोबत न्या, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

तर आता करायचं ते असं. या आठवड्यात हिंगणघाटला जा. गाडी लोखंडी घोड्यांवर घ्या, पुढची चाकं वर-खाली धरून हलवा, ट्रनियन उघडता आला तर उघडा, चेसिसचे हात टोचून पाहा, आणि मालकांच्या परवानगीने प्लगच्या भोकांतून तेल घालून या. येताना आरसीचा फोटो घ्या. वाड्यातल्या टीडीच्या मालकाला एवढंच सांगा की माळा आणि कोठी पाहू द्या, आणि आरसी शोधून ठेवा. माळ्यावर काचेची फ्रेम, घड्याळं आणि दोन कार्बोरेटर निघाले, आरटीओत नंबर सापडला आणि बिजागरीचा खांब टोच्याने खचला नाही, तर मला फोटो पाठवा. मग मी स्वतः येतो, सोबत वाढईही आणतो.